रविवारी गोल्फ खेळतो आणि धंदाही करतो

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात हल्ली वाचकांची जी पत्रं येतायत ना, तरुण पोरं वीकेंडला अलिबाग-लोणावळा करतात, महागडे बूट घेतात, पिकलबॉल आणि गोल्फसारखी थेरं करतात मग करिअर कधी करणार वगैरे, ती वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कापायचं तर खुशाल कापा, फक्त रविवारची सुट्टी मिळवून देणाऱ्या लोखंडेंचा भाग तेवढा ठेवा.

मी मुलुंडचा, पन्नाशी ओलांडलेला, भांडुपला पॅकेजिंगचं छोटं युनिट आहे, बँकेचं कर्ज आहे, जीएसटी आहे, दर महिन्याला पगाराची तारीख येते तेव्हा पोटात गोळा येतो तोही आहे. आणि मी गोल्फ खेळतो. हे कळलं की नातेवाईक आधी एकमेकांकडे बघतात आणि मग म्हणतात, "धंदा बरा चाललेला दिसतोय!" रोज संध्याकाळी बारमध्ये बसतो म्हणालो असतो तर एवढे खवचट बोलले नसते.

आपल्याकडे डोक्यात एक हिशोब पक्का बसलाय, आधी शिक्षण, मग नोकरी, मग फ्लॅट, मग पोरांची लग्नं, आणि हे सगळं उरकलं की मग मजा. उरकतं कुठे पण? आमच्या बिल्डिंगमध्ये रिटायर झालेले कितीतरी काका आहेत, आयुष्यभर डबल फास्ट पकडून सीएसएमटीला गेले, पैसे साठवले, आता काश्मीरला जायला पैसा आहे वेळ आहे पण गुडघे नाहीत. मी त्यांना हसत नाहीये, त्यांना चॉइसच नव्हता. पण ज्यांना आज आहे त्यांनीही तोच हिशोब का गिरवायचा हे मला समजत नाही.

मधे इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, २०२३ ची गोष्ट, मग २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांनी ९० पर्यंत नेलं, वर रविवारीही कामाला बोलवता येत नाही याची खंत बोलून दाखवली. दोघांचं कर्तृत्व मोठं आहे, मी कोण त्यांना शिकवणार. पण रविवार काढून घ्यायचं बोलणं या मुंबईत तरी जपून करावं. इथे नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना काढली, आठवड्याला एक सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास जेवायला द्या, पगार वेळेवर द्या, एवढ्या साध्या मागण्या होत्या, त्यासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. आणि ज्यांनी ही सुट्टी मागितली ते आळशी होते का हो? उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत साच्यावर उभे राहणारे लोक होते ते. सुट्टीची किंमत कष्ट करणाऱ्यालाच कळते.

आता गोल्फ. टीव्हीवर बघून वाटतं की म्हातारे श्रीमंत लोक हिरवळीवर चालतायत, मधूनच काठी फिरवतायत. खेळून बघा एकदा. बॉल जमिनीवर गप पडलेला असतो, बॉलर नाही, गोलकीपर नाही, आणि तरी तो लागत नाही. ज्या भोकात घालायचा ते फक्त सव्वाचार इंचाचं, आणि सुरुवात असते तीनशे-चारशे यार्ड लांबून. अशी अठरा भोकं, म्हणजे अठरा होल, चालत करायचे म्हणजे सहा-सात किलोमीटर आणि चारेक तास सहज जातात. घाई केली की स्विंग, म्हणजे काठी फिरवणं, बिघडतो, राग आला की अजून बिघडतो, मागच्या होलचा शॉट मनात घोळवत बसलात तर पुढचाही गेला. माझ्यासारखा माणूस जो एरवी जेवतानाही सप्लायरला व्हॉट्सअॅप करत असतो तो चार तास फोन बॅगेत टाकून फिरतो, हे दुसऱ्या कशाने झालं नसतं, योगा क्लासमध्येसुद्धा मी घड्याळ बघायचो.

दुसरं म्हणजे हँडिकॅप. गोल्फमध्ये कमी स्ट्रोकमध्ये, म्हणजे कमी फटक्यांत, संपवेल तो जिंकतो, म्हणून कच्च्या खेळाडूला पक्क्याबरोबर खेळता यावं यासाठी जादा स्ट्रोक मिळतात, हँडिकॅपचा आकडा जेवढा मोठा तेवढा खेळाडू कच्चा, ६ हँडिकॅपवाल्याबरोबर २४ वाला खेळला तर ढोबळ मानाने त्याला अठरा स्ट्रोक जास्तीचे, म्हणजे प्रत्येक होलला एक. म्हणून मी माझ्यापेक्षा कितीतरी भारी पोरांशी खरीखुरी मॅच खेळू शकतो, हरतो पण लाज जात नाही. कॅरममध्ये आहे का अशी सोय? आणि क्लबातल्या साध्या राउंडला अंपायर नसतो, आपली चूक आपणच सांगायची. १९२५ च्या गोल्फच्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूने बॉल किंचित हलला म्हणून स्वतःवर पेनल्टी लावून घेतली, दुसऱ्या कोणी बघितलंही नव्हतं, आणि शेवटी स्पर्धा प्लेऑफमध्ये हरला.

या जोन्सचं उदाहरण मी मुद्दाम देतो कारण तो पैशासाठी खेळलाच नाही. इंजिनिअरिंग केलं, हार्वर्डला साहित्य शिकला, मग वकिली, आणि हे सगळं सांभाळत १९३० साली त्या वेळच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या, अमॅच्युअर म्हणजे हौशी राहून, आणि २८ व्या वर्षी मोठ्या स्पर्धांतून बाजूला झाला. आता सगळेच जोन्स नसतात हे मान्य, पण काम एके काम केल्याशिवाय माणूस वर जात नाही हे म्हणणाऱ्यांनी त्याचं काय करायचं ते सांगावं.

बरं, गोल्फची बाजू घेताना एका गोष्टीचा मला मनापासून वैताग आहे, "मोठी डील्स गोल्फ कोर्सवर होतात" हे वाक्य. सेल्सची पोरं हे ऐकून काठ्यांचा सेट घेतात, टी-शर्ट घेतात, आणि पहिल्या टीवरच, म्हणजे जिथून खेळ सुरू होतो तिथेच, समोरच्याला व्हिजिटिंग कार्ड देतात. समोरचा माणूस आठवडाभर पिच ऐकून कंटाळून आलेला असतो हो! ओळखी होतात हे खरं, चांगल्या होतात, पण त्या आपोआप, बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, घाम गाळताना. धंदा वाढावा म्हणून गोल्फ खेळणार असाल तर तो ओव्हरटाइमच झाला, फक्त ऊन जास्त लागतं.

पैशाचं म्हणाल तर टीका बरोबर आहे. मुंबईत १९१८ चं विलिंग्डन, चेंबूरचं १९२७ चं बॉम्बे प्रेसिडेन्सी, कुलाब्याचा यूएस म्हणजे युनायटेड सर्व्हिसेस क्लब, या ठिकाणी आपल्यासारख्याला मेंबरशिप म्हणजे स्वप्नच, मी चेंबूरला जातो तो मित्राचा गेस्ट म्हणून. पण खारघरला सिडकोचा पब्लिक कोर्स आहे हे कितीजणांना माहितीय? पांडवकड्याच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत, पावसाळ्यात तर बघत राहावं असा. तिथे फी भरून खेळता येतं, सेट जुना घ्यावा, आणि नियमात चौदा क्लब, म्हणजे काठ्या, चालतात म्हणून चौदा लागतातच असं नाही, सहा-सातात भागतं.

जमिनीचा आणि पाण्याचा मुद्दा मात्र मला टोचतो. ज्या शहरात पोरांना क्रिकेटला ग्राउंड मिळत नाही तिथे एवढी हिरवळ थोड्या लोकांसाठी, हे चुकीचंच वाटतं. पण उद्या ती मोकळी केली तर पोरं खेळतील की टॉवर उभे राहतील? अनुभव सगळ्यांना आहे. माझं म्हणणं एवढंच की या क्लबांनी आठवड्यातले काही तास आजूबाजूच्या म्युनिसिपल शाळांतल्या पोरांना द्यावेत, जुन्या काठ्या आणि बॉल द्यावेत. अली शेर दिल्लीच्या कोर्सवर कॅडी, म्हणजे खेळाडूंची बॅग उचलणारा पोरगा, म्हणून वाढला आणि १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल झाला. गोल्फर एस. एस. पी. चौरसियाचे वडील कोलकात्याच्या क्लबात ग्रीनकीपर, म्हणजे हिरवळीची निगा राखणारे, होते, पोराने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा ती जिंकली. टॅलेंट कुंपणाच्या कुठल्या बाजूला आहे ते दिसतंय. आणि हो, आमच्या रविवारी कॅडींची ड्युटी असते, त्यांना सुट्टी मिळते ती बऱ्याच क्लबात सोमवारी, कोर्स बंद असतो तेव्हा. मजा करताना त्यांची टिप कापू नये, मी बघितलंय परदेशी घड्याळ घातलेले लोक शंभर रुपयांसाठी घासाघीस करताना.

लक्झरीबद्दल फार बोलत नाही. आवडतंय, परवडतंय, उधारीवर नाहीये, तर घ्या की. बिझनेस क्लासने एकदा जायचं असेल तर जा. माझ्या बायकोला चांगल्या हॉटेलात दोन दिवस काही न करता लोळायला आवडतं, स्वयंपाक नाही, बाईचा खाडा नाही, यात वाईट काय आहे मला आजपर्यंत कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. ईएमआयवर मालदीव करून फोटो टाकणं मात्र मला झेपत नाही, सुट्टी संपल्यावर वर्षभर तिचेच हप्ते फेडायचे म्हणजे डोक्याला ताप.

आता एक विनंती थेट तुमच्याकडे. ७ ऑगस्ट २०२१ च्या शनिवारी सकाळी, टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपली गोल्फर अदिती अशोक मेडलच्या जवळ आली तेव्हा बर्डी म्हणजे काय हे माहीत नसलेली घरंही टीव्हीला चिकटून बसली होती. एका स्ट्रोकने ब्राँझ गेलं, चौथी आली. त्यानंतर तुमच्या क्रीडा पानावर गोल्फ पुन्हा कोपऱ्यातल्या दोन ओळींवर आलाय, त्याही परदेशी स्पर्धेच्या. आयपीएलच्या चौथ्या फोटोऐवजी महिन्यातून एकदा खारघर, पुणे, नाशिककडच्या ज्युनिअर पोरापोरींचे स्कोअर छापा. स्कोअर कसा वाचायचा याची छोटी चौकट लागली तर मी लिहून देतो, मानधन नको.

आपला नियमित वाचक,
मुलुंड पूर्व