मेम्ब्रेनला दोष देण्याआधी ब्लोअर बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातली एमबीआर प्लँटची, म्हणजे जिवाणूंकडून सांडपाणी साफ करून ते बारीक छिद्रांच्या पडद्यातून (मेम्ब्रेन) गाळणाऱ्या प्लँटची, बातमी वाचली आणि डोकंच फिरलं. मेम्ब्रेन निकृष्ट होत्या, बदला, एवढं छापून तुम्ही मोकळे झालात. मी अकरा वर्षं जळगावात असल्याच प्लँटवर ऑपरेटर आहे, म्हणून लिहितोय.

मेम्ब्रेनवर बसतो तो नुसता गाळ नसतो साहेब. टाकीतले जिवाणू एकमेकांना धरून राहायला अंगातून चिकट पदार्थ सोडतात, त्यावरच त्यांचे पुंजके टिकतात, पण हवा कमी पडली नाहीतर एकदम तेलकट पाणी आलं की तो चिकटपणा वाढतो आणि छिद्रं बुजतात. छिद्रं तरी केवढी, 0.1 मायक्रॉनच्या आसपास, जिवाणू साधारण 1 मायक्रॉनचा.

आमच्याकडं केळी वेफर्सचं सांडपाणी येतं. मागच्या मे महिन्यात रात्री अडीचला लाइट गेली. जनरेटर होता, पण तो फ्रायरला जोडलेला, टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरला नाही. सकाळी मोजायच्या काचेच्या सिलिंडरमध्ये स्लज (टाकीतला जिवाणूंचा गाळ) घेतला तर एरवी चॉकलेटी, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचा, तो काळा पडलेला, सडक्या अंड्यासारखा घाण वास, आणि मेम्ब्रेनमधून पाणी ओढणाऱ्या सक्शनचा गेज चढतच चाललेला, म्हणजे छिद्रं बुजत चाललेली. मालक म्हणाले, हायपो (क्लोरीनचं ब्लीच) ओत टाकीत. मी दोनदा सांगितलं की हायपो मेम्ब्रेन धुवायला असतं, तेही मोजून, टाकीत ओतलं तर उरलेले जिवाणूही मरतील. ऐकलं नाही, ओतायला लावलं. मग शेण आणि दुसऱ्या प्लँटचा स्लज टँकरनं आणून टाकीतले जिवाणू पुन्हा उभे करायला महिना गेला, अमोनिया खाणारे जिवाणू तर सगळ्यात हळू वाढतात, ते शेवटी आले.

मधल्या काळात चेनपुलीनं मेम्ब्रेनचं मॉड्यूल (अख्खा जुडगा) वर काढलं, बोट फिरवलं तर भेंडी चिरल्यावर हाताला येतं तसं बुळबुळीत. हळू प्रेशरनं धुतलं, हायपोत ठेवलं, पाण्यानं नीट धुऊन मग सायट्रिक ॲसिडमध्ये. फ्लो परत आला. मेम्ब्रेन त्याच आहेत, आजही चालू आहेत.

आणि बातमीसोबतचा फोटो पिण्याच्या पाण्याच्या फिल्टर हाऊसचा आहे, तोही दुरुस्त करा. उन्हाळ्यात आमच्या भागात रात्री लाइट किती वेळा जाते, याची बातमी कधी लावणार तेही कळवा.

आपला,
एक प्लँट ऑपरेटर, जळगाव