बाबा, पाकिटातला कागद आधी बघा

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाकीट जपून फाडा. आत पुठ्ठ्यात घालून एक कागद ठेवलाय. बाबा, तो आधी बघा आणि मग पत्र वाचा. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण कागद पोस्टानेच पाठवायचा होता, मग सोबत चार ओळी लिहायला बसले.

आई, तू दर रविवारी विचारतेस, ऑफिस सुटल्यावर काय करतेस म्हणून, आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं सांगू? खोलीवर येते, कुकर लावते, जेवते आणि झोपते. त्यातही शुक्रवारची संध्याकाळ फार अंगावर येते. सगळे कुणा ना कुणाबरोबर कुठेतरी निघालेले असतात. म्हणून गेल्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मन घट्ट केलं आणि एकटीच इथल्या, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला गेले. बऱ्याच महिन्यांत शेवटच्या शुक्रवारी तिथे रात्री दहापर्यंत ‘फ्रायडे लेट’ नावाचा कार्यक्रम असतो. तिकीट नाही, काही नाही, सरळ आत जायचं.

दारातून आत गेलं की डोक्यावर उंच घुमट आहे आणि त्याला निळ्या-हिरव्या काचेचं भलंमोठं झुंबर टांगलंय, जणू समुद्रातलं गवतच गुंडाळून वर अडकवलंय. त्याच्या खाली गाणी चालली होती, हातात पेले घेऊन माणसं घोळक्याने उभी होती. मी पाच मिनिटं कोट न काढता भिंतीपाशी थांबले. परत फिरावं असंही मनात आलं. मग एका पाटीवर चित्र काढायला बसायची जागा कुठे आहे ते दिसलं आणि माझे पाय आपोआप तिकडे वळले. तुमच्या मुलीचे पाय दुसरीकडे कुठे वळणार, बाबा!

ते दालन नुसत्या प्रतींचं आहे. युरोपभरच्या मूर्ती, दरवाजे, थडगी प्लास्टरमध्ये ओतून इथे उभी केली आहेत. 1873 मध्ये ते उघडलं, ज्यांना इटलीला जाणं परवडणार नाही त्यांनाही हे सगळं बघता यावं, विद्यार्थ्यांना समोर बसून काढता यावं म्हणून. रोममधल्या सम्राट ट्रेजनच्या विजयस्तंभाची प्रतही आहे. एवढं उंच छत असूनही स्तंभ मावला नाही, म्हणून त्याचे दोन भाग शेजारी-शेजारी उभे केलेत. त्यामुळे रोममध्ये मान मोडेपर्यंत वर बघूनही नीट दिसणार नाहीत असे वर कोरलेले सैनिक इथे पुष्कळ जवळून दिसतात. मूळ दगड उघड्यावर झिजत गेला, आणि झिजलेल्या कितीतरी रेषा प्लास्टरमध्ये मात्र शाबूत राहिल्या.

घडीच्या स्टुलावर बसले. शेजारी साठी उलटलेल्या एक बाई होत्या. माझी पेन्सिल बोथट झालेली बघून त्यांनी काही न बोलता ती घेतली, पर्समधून छोटी सुरी काढली आणि टोक काढून दिलं. लांब, निमुळतं, शिसं चांगलं बोटभर बाहेर. अगदी तुमच्यासारखं. शार्पनरने काढलेलं टोक तुम्हाला कधी चालायचं नाही. मला एकदम भरून आलं. मग आम्ही दीड तास शेजारी बसून काढत होतो, मध्ये एकमेकींच्या कागदात डोकावत होतो. माझ्या सैनिकाची ढाल वाकडी जात होती, त्यांनी बोटाने हवेत लंबगोल काढून दाखवला.

बाबा, तिथे बसल्या-बसल्या मला अजिंठा आठवत होता. तुम्ही दरवर्षी इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेच्या मुलांना एस.टी.ने न्यायचात, आणि परत येताना भुसावळच्या ख्रिस्ती स्मशानात रॉबर्ट गिल यांच्या कबरीपाशी थांबवायचात. गिलसाहेबांनी वीसेक वर्षं लेण्यांमधली चित्रं उतरवली आणि ती लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत 1866 मध्ये बहुतेक सगळी जळाली, हे सांगताना तुमचा आवाज बसायचा. पुढे 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे.जे. कलाशाळेच्या मुलांना घेऊन तेच काम पुन्हा हाती घेतलं, 1885 पर्यंत. त्या प्रती ज्या म्युझियममध्ये पाठवल्या ते हेच म्युझियम. तेव्हा त्याचं नाव साउथ केन्सिंग्टन म्युझियम होतं. इथेही 1885 मध्ये आग लागली आणि त्यातल्याही कित्येक गेल्या. उरलेल्या आजही यांच्याकडेच आहेत. लेण्यांमध्ये जिथे आता नुसता गिलावा उरलाय तिथलं काही काही फक्त त्या कापडांवर राहिलंय. पेस्तनजी बोमनजींसारखी आपली मुलं त्या अंधारात वर्षानुवर्षं बसली होती. मी दीड तासात एक ढाल काढली, तेवढ्यात माझी पाठ धरली.

आणखी एक, तुम्हाला आवडेल असं. रात्री उघडं ठेवायची पद्धत आजकालची नाही. पहिले संचालक हेन्री कोल यांनी 1850 च्या दशकातच दालनांमध्ये गॅसचे दिवे लावून घेतले होते, दिवसभर राबणाऱ्या माणसाला संध्याकाळी येता यावं म्हणून. आत खाण्यापिण्याचीही सोय केली. वाचताना तुमचाच वर्ग डोळ्यांसमोर आला. शाळा सुटली तरी अंधार पडेपर्यंत तुम्ही मुलांना स्थिरचित्र काढायला बसवायचात आणि शिपाईमामा किल्ल्या वाजवत दाराशी उभे राहायचे.

आई, मी दहाच्या आत निघाले. स्टेशन जवळच आहे, तिथून पिकॅडिली लाइन थेट हाउन्स्लोपर्यंत येते, गाडीत पुष्कळ माणसं होती. जेवलेही होते, तिथलं सूप आणि पाव. त्या बाईंशी पुढच्या महिन्याचं ठरलंय, त्याच जागी, सात वाजता.

बाबा, तो कागद लाल पेन्सिलने तपासा. मन राखू नका. ढालीची वरची कड आणि सैनिकाचं मनगट दोन्ही मला खटकतंय, पण नेमकं कुठे चुकतंय ते कळत नाही. तपासून आईच्या पुढच्या पार्सलमध्ये, मेतकुटाच्या पुडीला लागणार नाही असा ठेवा. शेवटच्या शुक्रवारच्या आधी मिळाला तर सोबत घेऊन जाईन.

तुमची,
ताई