आप्पांचा सात सुती नट

कोल्हापूर,
६ ऑक्टोबर

प्रिय शिऱ्या,

सप्रेम नमस्कार.

फेलबाखला जाऊ नकोस. तिथल्या मर्सिडीजच्या जुन्या गाड्यांच्या क्लासिक सेंटरला ऑइलच्या पाईपबद्दल विचारून ठेवलं असशील तर तेही राहू दे. आप्पांची गाडी चालू झाली. रविवारी फोंडा घाट उतरून परत चढवून आणली. दाजीपूरला थांबलो, गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं, निवांत चहा प्यालो आणि येऊन बघितलं. पेपर कोरडा. एवढंच सांगायचं असतं तर फोन केला असता. पण या पाईपाच्या नादात आप्पांची एक गोष्ट हाताला लागली, आणि फोनवर मी ती चेष्टा करून टाळली असती. म्हणून कागद घेतला.

ऑगस्टमधलं तुला अर्धंच माहीत आहे. कणकवलीहून परत येत होतो. पाऊस धो धो, घाटाची निम्मी चढण झालेली. चालत्या गाडीत ऑइल प्रेशरचा काटा तीनवर चिकटून असायचा आणि आप्पा म्हणायचे ना, "काटा तीनाला, जीव जागेला"? तो काटा अडीचवर आला. मी म्हटलं, वय झालं बिचाऱ्या मीटरचं. पुढच्या वळणावर दोनच्या खाली गेला तेव्हा माझाच जीव जागेवर राहिना. इंजिन बंद करून उतरलो, तर मागच्या वळणापर्यंत रस्त्यावरच्या पाण्यात सप्तरंगी पट्टा. रेडिएटरशेजारी इंजिनाचं ऑइल थंड करणारा तो छोटा कूलर आहे बघ, त्याच्या वरच्या तोंडावरचा पाईप नटासकट निसटून लोंबत होता. दुधाच्या टेम्पोला दोर बांधून राधानगरी गाठली. दोर दोनदा तुटला, ते जाऊ दे.

इंजिन वाचलं, आणि खरं तर या गाडीच्या इंजिनाची मला कधी धास्ती वाटली नाही. ८८ साली आप्पांनी दिल्लीला एसटीसी या सरकारी व्यापार महामंडळाच्या लिलावात कुठल्याशा वकिलातीची ही ३०० डी घेतली, तेव्हा सगळी गल्ली हसली होती. पण आप्पांचा हिशेब पक्का होता. चार सिलिंडरचं ओएम ६१६ इंजिन बजाज टेम्पो आपल्याकडेच मर्सिडीजच्या परवान्यावर बनवत होती, त्यांच्या ट्रॅक्स गाडीला तेच बसायचं. आपल्या गाडीचं पाच सिलिंडरचं ६१७ म्हणजे त्याचाच थोरला भाऊ. एका सिलिंडरचं माप दोघांचं एकच, ९०.९ बाय ९२.४ मिलिमीटर. जर्मन गाडीला पिस्टन लागला की आप्पा ट्रॅक्सच्या पार्टवाल्याकडे जायचे आणि वर घासाघीस करायचे. ऑइल कूलरच्या पाईपाला मात्र हा भावबंद उपयोगी पडेना. तो या गाडीपुरताच. मध्ये रबर, दोन्ही टोकांना वाकवलेली लोखंडी नळी, आणि नळीवर फिरता नट.

मग माझी वारी सुरू झाली. ऑपेरा हाउसला पार्टवाल्यांकडे गेलो, कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारवाल्यांकडे गेलो, पुण्यात नाना पेठ झाली. सगळीकडे एकच प्रश्न: पार्ट नंबर काय? नंबर सांगितला की मान हलायची. एका मोठ्या काउंटरवर तर पोरगा गोड हसून म्हणाला, "सर, ही गाडी आता सिस्टिममध्येच नाही." गाडी बाहेर उभी होती रे, त्याच्या दारात! त्याच रात्री तुला मेल केली आणि तू फेलबाखचं नाव काढलंस.

मार्ग सापडला तो शिरोलीत, आणि गाडीच्या दुकानात नव्हे. आमचे टर्नर मामा उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभे आहेत. ते म्हणाले, "दत्ता, तू मर्सिडीज मर्सिडीज करत फिरतोयस. ऑइलला काय ठाऊक ते कुठल्या गाडीत हाय? हायड्रोलिक पाईपवाल्याकडं जा की." हायवेला लागून ती दुकानं आहेत, जेसीबीचे आणि ऊसतोडणी यंत्रांचे पाईप करून देणारी. गळीत हंगाम तोंडावर, त्यामुळे दुकानात हीऽऽ गर्दी. गल्ल्यावर विशी-बाविशीची मुलगी, मेकॅनिकल डिप्लोमा केलेली. मी नेहमीप्रमाणे सुरू केलं, मर्सिडीज, ८३चं मॉडेल, पार्ट नंबर अमुक. तिनं हात वर केला. "काका, नाव नका सांगू. टोकं दाखवा."

टोकं पिशवीतच होती. तिनं व्हर्निअर लावला, आट्यांवर गेजची पाती एकेक करून बसवून पाहिली आणि पाच मिनिटांत मला चाळीस वर्षांचा इतिहास सांगितला. कूलरचं तोंड बाहेरून बावीस मिलिमीटर, आट्यांतलं अंतर दीड. म्हणजे मेट्रिक, एम बावीस. खालच्या पाईपाचा नट तोच, सत्तावीसच्या पान्याचा. निसटलेला वरचा नट मात्र मेट्रिक नव्हताच. "हा सात सुती आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. इंचाला चौदा आटे. कुणीतरी ठोकून बसवलाय."

शिऱ्या, हे प्रकरण मला इतकं आवडलं की तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. या बाविशीच्या आसपास तीन तोंडं अशी आहेत की उघड्या डोळ्यांना सख्खी जुळी वाटावीत. एक मेट्रिक, २२ मिलिमीटर. दुसरं अमेरिकन पद्धतीचं सात सुती, ते २२.२२. तिसरं इंग्रजी पाईपाचं, त्याला पाच सुती म्हणतात आणि भरतं २२.९१! नळाच्या आट्यांना आपण अर्धा इंच म्हणतो ना, त्यावर अर्धा इंच मोजून दाखव, बाहेरून जवळजवळ एकवीस मिलिमीटर भरतं. ते नाव मूळ नळीच्या पोटावरून पडलेलं, आट्यांवरून नव्हे. तो इंग्रजी आटा व्हिटवर्थ नावाच्या माणसानं १८४१ साली ठरवला, पंचावन्न अंशांचा. मेट्रिक आणि अमेरिकन साठ अंशांचे. सात सुती आणि इंग्रजी पाच सुती, दोघांचेही इंचाला चौदाच आटे, तरी एकमेकांत जात नाहीत.

यातली खरी फसवणूक आपल्याच जोडीत आहे. सात सुती नट बावीसच्या तोंडावर हातानं अगदी गोडीत चढतो. वेढा, दीड वेढा, वाटतं जमलं. पण एकाचे आटे दीड मिलिमीटरवर आणि दुसऱ्याचे एक पूर्णांक आठवर, त्यामुळे दोन-अडीच वेढ्यांत चुकामूक साचते आणि नट अडतो. अडला की माणसाला वाटतं, घट्ट बसला. प्रत्यक्षात तो दोन आट्यांच्या जिवावर लटकलेला असतो, आणि कूलर ॲल्युमिनिअमचा, म्हणजे मार खाणार कूलरच. त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळलेला होता आणि वरून एम-सील. एम-सील खरवडताना मामांनी मन भरून शिव्या दिल्या. मीही दिल्या. कुणी गाढवानं केलंय, म्हटलं.

पाईपाचं सांगून टाकतो. मुलीनं आधी आत तारेच्या दोन जाळ्या असलेला नेहमीचा हायड्रोलिक पाईप काढला, पावणेतीनशे बारचा. आपल्याला दाब लागतो पाच-सहा बारचा, म्हणजे डास मारायला तोफ. पण मी तापमान विचारलं, तर तो शंभर अंशांपर्यंतचा. घाटात आपलं ऑइल शंभरच्या वर जातं. शिवाय तो इतका ताठ की कूलरजवळच्या वळणात बसवायला गेलं तर नळीच मोडेल. दीडशे अंश सोसणारा मऊ पाईप भोसरीहून दोन दिवसांत मागवला. जुनं रबर कापलं तर आत लाकूड झालं होतं. मूळची वाकवलेली टोकं तशीच ठेवली, त्यांच्यावर नवे फेरूल, म्हणजे धातूच्या कड्या, दाबून क्रिंप केले. मामांनी खालचा शाबूत नट समोर ठेवून ईएन-८ पोलादाच्या षटकोनी बारमधून वरचा नवा नट काढला. आटे साफ करायला कूलरच्या तोंडावरून एम बावीसची डाय फिरवली, पहिले दोन आटे गेलेलेच होते, पण खाली पुरेसे उरलेत. नट बोटांनी शेवटपर्यंत गेला, मग पान्यानं पाव वेढा. दोन्ही पाईप, फेरूल, नट, मजुरी धरून दोन हजार आठशे रुपये. ऊसतोडीवाले रांगेत उभे असताना तिनं माझं काम मध्ये घेतलं, त्याबद्दल कंदी पेढे नेऊन दिले.

आता आप्पांचं.

गाडीबरोबर काकूंनी मला आप्पांच्या वह्या दिल्या होत्या, डिझेल-ऑइलच्या. नवीन पाईपाची नोंद त्यातच करावी म्हणून बसलो, आणि हा गाढव कोण ते बघू म्हणून मागची पानं चाळली. ९६ची वही. अक्षर त्यांचंच, ते सरळ रेषेतलं. जसंच्या तसं उतरवतो: "वाटेत कूलरचा नट फाटला. ट्रॅक्टरवाल्याकडे सात सुती मिळाला. अडीच आटे बसतो. टेप, एम-सील. शिरूची सकाळी मुंबईला मुलाखत, उशीर नको. परत आल्यावर नीट करणे."

तुझ्या व्हिसाची मुलाखत रे ती. तू मागच्या सीटवर फाईल मांडीवर घेऊन झोपला होतास, मी पुढे होतो, आणि मला एवढंच आठवतं की आप्पा ट्रॅक्टरच्या गॅरेजमधून काळे हात घेऊन आले आणि म्हणाले, "चहा नाही हं आता, थेट मुंबई." आपल्याला वाटलं टायर बघितला असेल.

परत आल्यावर त्यांनी ते नीट केलं नाही. पुढच्या सगळ्या वह्यांत दर महिन्याला एक ओळ आहे: ऑइल अर्धा लिटर. कधी पाऊण. आपण म्हणायचो, इंजिन ऑइल खातंय, रिंगा बदला. ते म्हणायचे, "असू दे, म्हाताऱ्याला लागतंच." गाडीखाली पत्र्याचा ट्रे कायम असायचा तो आठव, आणि काकूंची फरशीवरून होणारी भांडणं. त्यांना ठाऊक होतं कुठून गळतंय. का केलं नाही? आळस म्हणावा तर हाच माणूस दर रविवारी व्हॉल्व्हचं अंतर तपासायचा. मी ठरवत बसलो नाही, तूही फार ठरवू नकोस. मात्र मामांसमोर दिलेल्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेतल्या. मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, "माझ्या न्हाईत परत. चूक ती चूक."

काकूंना अजून बोललो नाही. फरशीचा विषय निघेल. तू आल्यावर तूच सांग, वही मी डाव्या खणात ठेवली आहे आणि तो नट आप्पांच्या चुन्याच्या डबीत, शेजारीच. काकूंची साखर वाढली आहे, तेव्हा चॉकलेटं आणू नकोस. गाडीसाठी आणायचंच असेल तर बोनेटवरचा तारा आण. गणपतीच्या आठवड्यात रंकाळ्यावर कुणीतरी मोडून नेला, आणि त्याला सूत-बीत काही लावता येत नाही.

तुझा,
दत्ता