दिमडीवरचं कातडं कुणाचं? वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री,
कर्नाटक राज्य

सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला. मंगसुळीचा खंडोबा आमचं कुलदैवत. घरात लग्न झालं की जागरण ठरलेलं. त्यात वाजवायची दिमडी, म्हणजे कातडं ताणलेलं छोटं हातवाद्य, यंदा फाटली म्हणून नवी घ्यायला बाजारात गेलो. दुकानदारानं आतून फडक्यात गुंडाळलेली एक आणली, थाप मारून दाखवली आणि हळूच म्हणाला, "घोरपडीची आहे, पावसात उतरणार नाही."

आवाज सुरेख होता, हे कबूल करतो. शेळीचं कातडं जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात सैल पडतं, मधेमधे आगटीवर शेकावं लागतं. तरी मी ती घेतली नाही. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. पण खरं कारण कैदेची भीती नव्हे. आमच्याच तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यातला जीव मारून त्याच्यावर देवाचं नाव वाजवायचं, हे मनाला पटेना.

दुसऱ्या दुकानात पखवाज पाहिला. खोड कशाचं, विचारलं. "चांगलं लाकूड आहे," एवढंच उत्तर. शिसम की आणखी काही, परवान्याचं की चोरतोडीचं, त्यालाच ठाऊक नव्हतं. तंबोऱ्याच्या घोडीचं, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचंही तेच. पूर्वी ती सांबरशिंगाची असे, आता कशाची, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

शिसमच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आले, २०१९ मध्ये तयार वाद्यांना सवलत मिळाली. कागवाडपलीकडच्या मिरजेत सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे मात्र साधी पावती नाही.

साहेब, दुकानांवर धाडी घाला एवढंच मागत नाही. धाडीत गरीब कारागीरच सापडतो. वनखात्याच्या डेपोतून त्याला एखादा ओंडका रास्त दरात आणि पावतीसह मिळू द्या. मोठ्या लिलावात तो उभा राहू शकत नाही. आणि प्रत्येक वाद्यावर लाकूड कोणतं, कातडं कोणत्या जनावराचं, एवढी चिठ्ठी लावणं सक्तीचं करा, कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत. आमच्या गावातले वाघ्ये, म्हणजे जागरणात गाणारे खंडोबाचे भक्त, दोन्ही बोलतात, पण वाचतात मराठी.

चंपाषष्ठीला आमच्याकडे जागरण आहे. शेळीच्या कातड्याची, पावती असलेली दिमडी कुठे मिळेल, हे आपल्या खात्याच्या खानापूरच्या कार्यालयानं तोवर कळवावं, ही विनंती.

आपला,
खानापूर तालुक्यातील एक भाविक