पंधरा अंडी

प्रिय बाळ्या,

पत्र पोचलं. ‘तुझे ते मध्ययुगातले शेतकरी म्हणजे नुसते गुलाम, त्यात वाचण्यासारखं काय?’ असं तू विचारलंयस. राग आला नाही, पण उत्तर दिल्याशिवाय राहवेना.

पॅरिसच्या सां-जर्मां-दे-प्रे मठाचा महंत इर्मिनॉन. त्याने 820 च्या आसपास मठाच्या सगळ्या जमिनींची एक जंत्री करवली. कुठल्या वाडीत कोणतं कुटुंब, पोरं किती, जमीन किती, देणं काय, सगळं त्यात आहे. आपल्या तलाठ्याचं दप्तरच म्हण ना! त्यात बोडो नावाचा एक कूळ सापडतो. बायको एर्मेंट्रूड, तीन मुलं. थोडी लागवडीची जमीन, थोडी द्राक्षबाग, थोडं गवताचं कुरण.

आता त्याचं देणं बघ. सैन्यासाठी चांदीचे 2 सॉलिडस (तिकडचं तेव्हाचं चलन). रानात डुकरं चारायची म्हणून 2 मोदी वाइन (मोदी हे तिकडचं जुनं माप). दर तिसऱ्या वर्षी 100 फळ्या. आठवड्यातून दोनदा नांगराची वेठ आणि एक दिवस अंगमेहनत, शिवाय सांगतील तेव्हा माल वाहायचा. आणि 3 कोंबड्या, 15 अंडी. त्या अंड्यांपाशी मी बराच वेळ थांबलो. कोणी एक लेखनिक लॅटिनमधून अंडी मोजत बसलाय, आणि म्हणूनच हा माणूस बाराशे वर्षांनी आपल्याला ठाऊक आहे.

पण त्याच नोंदीत शेवटी लिहिलंय, अर्धी गिरणी त्याची! तिच्याबद्दलही 2 सॉलिडस भरायचे, ते वेगळे. गुलामाकडे गिरणीत हिस्सा असतो का रे?

खरी गुंतागुंत पुढेच आहे. बोडो ‘कोलोनुस’, म्हणजे कायद्याने स्वतंत्र, पण जमिनीला बांधलेला. त्याच्या खाली लिडुस, म्हणजे अर्धवट स्वतंत्र, आणि त्याच्या खाली सर्वुस, म्हणजे दास. जमिनीच्या तुकड्यांनाही असेच दर्जे. पण कोलोनुस सर्वुसच्या तुकड्यावर राहतो, सर्वुस स्वतंत्राच्या तुकड्यावर, आणि काही घरांत नवरा सर्वुस तर बायको कोलोना, म्हणजे कोलोनुस दर्जाची बाई. पोरांचा दर्जा आईवर जायचा. तेव्हा लग्न जुळवताना तिकडच्या थोरल्यांनीही बरीच डोकेफोड केली असणार, आपल्यासारखीच.

पोटाचं म्हणशील तर ते भरलेलं नव्हतं. लीलजवळ आनाप नावाची राजाची जहागीर होती, तिचा हिशेब शिल्लक आहे. गहू 100 मोदी आला, त्यातला 60 बियाण्याला गेला. राय (गव्हासारखंच एक धान्य) 98 मोदी, ती तर सगळीच्या सगळी पेरली. एखाद्या वाईट सालचा हिशेब असेल, असं धरलं तरी पोत्यातलं अर्ध्याहून अधिक परत मातीत घालायचं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. तुझ्या आजोबांनी कणग्या पाहिल्यात.

फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने 789 मध्ये रविवारी नांगर धरू नये, बायकांनी विणकाम, धुणं करू नये असं फर्मान काढलं होतं. म्हणजे त्याआधी रविवारीही जुंपत असणार.

तुझा गुलाम हा शब्द मला पटत नाही, पण ‘कूळ’ म्हटलं तर तो फार सौम्य वाटतो. वेठबिगार म्हणावं तर अर्धी गिरणी आडवी येते. तुला दुसरा शब्द सुचला तर कळव.

वहिनींना नमस्कार. गहू झाला की पाच किलो बाजूला ठेव, मी येतोय.

तुझा,
सद्या