तक्रार: एचबीए१सीच्या रिपोर्टमधील चुकीचा आकडा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: चुकीचा रिपोर्ट आणि त्यावर मिळालेली उडवाउडवीची उत्तरे

महोदय,

गेल्या महिन्यात ९ तारखेला आपल्या लॅबचा माणूस घरी येऊन माझे रक्त घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: एचबीए१सी, म्हणजे मधुमेहात गेल्या दोन-तीन महिन्यांची शुगर कशी होती हे सांगणारा आकडा, ९.६. गेली चार वर्षे मी सातच्या आसपास आहे. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला. तिसऱ्या दिवशी दुपारी हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला. ग्लुकोमीटरवर शुगर ६२! साखर तोंडात टाकून बसून राहिले, तेव्हा कुठे पंधरा-वीस मिनिटांनी जीवात जीव आला.

मग तो कागद पुन्हा नीट वाचला. ९.६ च्या खालच्याच ओळीत सरासरी शुगर १५१ छापली आहे. ही सरासरी वेगळी मोजत नाहीत, एचबीए१सीवरूनच काढतात: आकड्याला २८.७ ने गुणायचे, ४६.७ वजा करायचे. ९.६ ची सरासरी २२९ येते. १५१ येते ती ६.९ ची. म्हणजे टाइप करताना ६ आणि ९ ची अदलाबदल झाली, आणि सही करणाऱ्यांनी एकाखाली एक असलेल्या दोन ओळीही वाचल्या नाहीत.

आठ दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये तपासले. ६.९.

आपल्याकडे फोन केला तर पहिले उत्तर, "तुम्ही उपाशीपोटी नसाल." अहो, या तपासणीला उपाशी राहावेच लागत नाही. दुसऱ्या फोनवर, "वाढवलेल्या डोसने उतरली असेल." लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर हा दोन-तीन महिन्यांचा हिशेब असतो, तो आठवड्यात असा कोसळत नाही. हे मी लॅबला समजावायचे?

दुरुस्त रिपोर्ट आणि चूक कशी झाली याचा लेखी खुलासा सात दिवसांत मिळावा. तपासणीचे पैसे परत करावेत. त्याहून महत्त्वाचे, त्या दिवशीचे बाकीचे रिपोर्टही पडताळून पाहावेत. माझ्याकडे ग्लुकोमीटर होता. सगळ्यांकडे असेलच असे नाही.

आपली,
एक ग्राहक

सोबत: दोन्ही रिपोर्टच्या प्रती, ग्लुकोमीटरवरील नोंदीचा फोटो