चेहरा भिजला की सांग

पुणे,
मंगळवार, रात्री साडेअकरा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर नीट बोलणं झालं नाही म्हणून लिहायला बसले आहे. तुझ्या मागे वॉर्डातला गलका ऐकू येत होता, कुणीतरी तुला हाका मारत होतं, आणि "मी ठीक आहे गं" म्हणून तू फोन ठेवलास. त्याच्या आधी एक वाक्य सहज बोलून गेलीस. गडचिरोलीकडून आलेल्या त्या बाळाच्या वडिलांच्या पोटात दोन दिवस अन्न नव्हतं, म्हणून तुझा डबा तू त्यांना दिलास. मग तू काय खाल्लंस, हे मी विचारेपर्यंत फोन बंद झाला होता.

बाबांना सांगितलं, तर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपली आनपानमान." आणि उठून माळ्यावरची पेटी काढली. तुझा तो लाल डबा अजून आहे. झाकणावरचं त्या जपानी कार्टूनमधल्या वीराचं, आनपानमानचं चित्र पुसट झालंय, पण गोल चेहरा, लाल नाक आणि दोन गुबरे गाल ओळखू येतात.

तुला तोक्योतलं निशी-कासाई किती आठवतं, कोण जाणे. 2001 मध्ये आपण गेलो तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. बाबा सकाळी तोझाई लाइनची मेट्रो पकडून जायचे ते रात्री उशिरा यायचे, आणि मी दिवसभर चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत तुझ्याबरोबर. शेजारीण काय बोलते ते कळायचं नाही, दुकानातल्या पाकिटावर काय लिहिलंय ते कळायचं नाही. जपानी भाषा मी तुझ्याबरोबर शिकले. तुझ्या तक्त्यावर पहिलंच अक्षर 'आ', आणि त्याच्यासमोर आनपानमानचं चित्र. तुझ्याबरोबर मीही तेच गिरवलं. मला जपानी घडाघडा कळू लागली ती टीव्हीवर त्याच्या गोष्टी बघता बघता. लहान मुलांसाठी ते लोक सावकाश आणि स्वच्छ बोलतात, त्यामुळे ऐकणाऱ्या आईलाही ते समजतं.

पहिला आनपान आपण स्टेशनजवळच्या बेकरीतून आणला होता. वरून खसखस लावलेला मऊ गोल पाव. मी तो मोडला, आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण निघालं, आणि मला एकदम आजीच्या स्वयंपाकघरात गेल्यासारखं झालं. हे तर पुरणच! डाळ वेगळी, साखर वेगळी, पण जिभेला ओळख पटली. पुढे कळलं की हा पाव 1874 साली तोक्योतल्या किमुराया या बेकरीत जन्मला. तिचे मालक किमुरा यासुबेई मूळचे सामुराई. जपानी माणसांना तेव्हा पावाची सवय नव्हती, म्हणून त्यांनी पीठ तांदळाच्या खमिराने फुगवलं, ज्या खमिराने साके ही जपानी दारू करतात त्याने, आणि आत सणासुदीच्या मिठाईतलं सारण भरलं. दुसऱ्या वर्षी हाच पाव, वर चेरीचं खारवलेलं फूल लावून, मेइजी सम्राटांपुढे गेला. परक्या वस्तूला घरची चव देऊन आपलंसं करण्याची ही गोष्ट मला फार जवळची वाटते. मी तेव्हा तेच तर करत होते.

आणि या पावाचं डोकं असलेला एक वीर. भुकेलं कुणी भेटलं की तो आपल्या चेहऱ्याचा तुकडा तोडून देतो. "घे, खा." पहिल्यांदा बघताना मी दचकले होते. तू मात्र टाळ्या पिटत होतीस.

दचकणारी मी एकटी नव्हते. ताकाशी यानासे यांनी 1973 मध्ये हे चित्रपुस्तक काढलं, तेव्हा मोठ्या माणसांना ते मुळीच रुचलं नाही. स्वतःचं डोकं खायला देणं क्रूर आहे, मुलांना असलं दाखवू नये, असं शिक्षक म्हणाले, समीक्षक म्हणाले, प्रकाशकाकडचे लोकही म्हणाले. पण बालवाड्यांतली पुस्तकं मुलांनी हाताळून हाताळून चिंध्या केली. यानासे ज्या फोटोच्या दुकानात जात, तिथल्या मालकाने त्यांना सांगितलं, आमचा मुलगा रोज रात्री हेच पुस्तक वाचायला लावतो. अक्षर न ओळखणाऱ्या मुलांनी ते उचलून धरलं. दूरदर्शन मालिका सुरू झाली ती 3 ऑक्टोबर 1988 ला, निप्पॉन टीव्हीवर. तेव्हा यानासे 69 वर्षांचे होते. फार दिवस चालेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. ती आजही चालू आहे. 2009 मध्ये गिनीजने मोजदाद केली तेव्हा तिच्यात 1,768 पात्रं निघाली होती, एका ॲनिमेशन मालिकेत जगात सर्वांत जास्त.

त्या माणसाबद्दल तुला सांगायचं आहे, कारण लहानपणी हे सांगण्याजोगं नव्हतं. यानासे 1919 चे. पाच वर्षांचे असताना वडील गेले. आईने दुसरं लग्न केलं आणि मुलाला कोची प्रांतात, गोमेन गावी काकांकडे ठेवलं. काका डॉक्टर होते, मनू. धाकटा भाऊ चिहिरो आधीपासून तिथेच दत्तक होता. दोघं भाऊ त्या दवाखान्याच्या घरात वाढले. मग युद्ध आलं. ताकाशींना सैन्यात भरती करून चीनमध्ये पाठवलं. चिहिरो नौदलात गेला तो परत आलाच नाही.

चीनमध्ये त्यांना सांगितलं होतं की हे न्यायाचं युद्ध आहे, आपण इथल्या लोकांना सोडवायला आलो आहोत. शेवटी शेवटी शिधा इतका आटला की पातळ पेजेवर दिवस काढायचे आणि रानातलं गवत शिजवून खायचं. थकवा, चालणं, मार, सगळं सोसता येतं, पण भूक सोसत नाही, असं ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. आणि 1945 च्या ऑगस्टमध्ये, ज्याला न्याय म्हणायचे तोच एका दिवसात अन्याय ठरला. त्या धक्क्यातून त्यांनी एक प्रश्न धरून ठेवला. असा कुठला न्याय आहे, जो देश बदलला, राज्य बदललं, तरी उलटा होत नाही? त्यांना एकच उत्तर सापडलं. समोर भुकेलं माणूस असेल तर त्याला पाव द्यायचा.

म्हणून हा वीर देखणा नाही. पहिल्या पुस्तकात त्याच्या अंगावर ठिगळं लावलेला मळका झगा आहे. त्याच्याही आधी, 1969 मध्ये मोठ्यांसाठी लिहिलेल्या एका कथेत, तो चक्क एक पोट सुटलेला मध्यमवयीन माणूस होता. युद्धात होरपळलेल्या मुलांना पाव वाटत उडायचा, आणि शत्रूचं विमान समजून त्याला खाली पाडतात. ज्याला दुसऱ्याला वाचवायचंय त्याला स्वतःला लागतंच, हे यानासे यांना पक्कं ठाऊक होतं. हा भाग त्यांनी कधी गोड करून सांगितला नाही.

तुझा डबा गेला, तेव्हा मला हे सगळं आठवलं. मला अभिमान वाटला, मनू. खोटं कशाला बोलू, आधी तोच वाटला. त्या बापाने तो डबा बाहेरच्या जिन्यावर बसून खाल्ला असेल, त्याला मेथीची भाजी आवडली असेल का, याचाही विचार माझ्या मनात येऊन गेला.

पण त्या पहिल्या पुस्तकाचा पुढचा भाग तुला आठवतो का? मी तो तुला शंभरदा वाचून दाखवला असेल. वाळवंटात उपाशी पडलेल्या प्रवाशाला तो अर्धा चेहरा देतो. मग रानात हरवलेल्या मुलाला उरलेला देतो. आता त्याला डोकंच नाही. वर पावसाचं झोडपणं, विजा. त्याची ताकद संपते आणि तो खाली कोसळतो, थेट एका पाव कारखान्याच्या धुराड्यात. तिथे पाव करणारे काका असतात, मालिकेत ज्यांना जॅम काका म्हणतात ते. ते भट्टी पेटवतात, आणि त्याला नवा चेहरा भाजून देतात, आधीच्यापेक्षा मोठा.

मालिकेत तर हे दर भागात यायचं. चेहरा पाण्याने भिजला, चिखल लागला, बुरशी आली, की त्याचं बळ जातं. मग जॅम काकांची मदतनीस बाताको-सान गाडीतून धावत येते आणि नेम धरून नवा चेहरा फेकते. जुना उडून पडतो, नवा बसतो, आणि अंगात शंभरपट उत्साह. तू ती फेक घरात उशीने करायचीस.

इतकी वर्षं मी या गोष्टीकडे चेहरा देणाऱ्याची गोष्ट म्हणून बघत आले. आज रात्री पहिल्यांदा मला तिच्यातली भट्टी दिसली. रोज पहाटे उठून कुणीतरी पीठ मळतंय, म्हणून त्याला देता येतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तो सांगतो. एवढा ताकदवान, आभाळात उडणारा, पण चेहरा भिजला की सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणतो, "काओ गा नुरेते, चिकारा गा देनाई." चेहरा भिजला, अंगात जोर राहिला नाही. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, आणि ऐकणारेही त्याला कमी लेखत नाहीत. ते भट्टीकडे पळतात.

हे वाक्य तुझं सगळ्यात आवडतं होतं. आपल्या इमारतीला लिफ्ट नव्हती. बागेतून खेळून आलो की दुसऱ्या मजल्यावर तू जिन्यात बसकण मारायचीस आणि म्हणायचीस, "आई, चिकारा गा देनाई." मी दोन्ही हातांतल्या पिशव्या एका हातात घ्यायचे आणि तुला कडेवर. एकदाही तुला 'चल, चाल' म्हटल्याचं मला आठवत नाही. तू इतकं खरं बोलायचीस की नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

तेच मूल आता छत्तीस तास ड्युटी करून "मी ठीक आहे" म्हणतं. जेआर वनचं, म्हणजे निवासी डॉक्टरचं पहिलं, वर्ष असंच असतं, सगळेच करतात, सिनियरही यातूनच गेले, हे सगळं तू मला आधी सांगितलंस आणि मी ऐकून घेतलं. पण सगळ्यांचाच चेहरा भिजलाय म्हणून तुझा कोरडा होत नाही. मागच्या महिन्यात ते बाळ गेलं त्या रात्री तू मला फोन केला नाहीस. तीन दिवसांनी सांगितलंस, तेही वर्तमानपत्रातली बातमी वाचावी तसं. मी तुझी आई आहे. मी त्या आवाजाने तीन रात्री झोपले नाही.

मालिकेतल्या खलनायकाबद्दल, बाइकिनमानबद्दलही लिहायचं होतं, कारण तू आता त्याच्याच खात्यात आहेस. बाइकिन म्हणजे जंतू. आनपानमान त्याला गुद्दा मारून दर वेळी आभाळापार पाठवतो, "बाइबाइकिन" म्हणत तो जातो, आणि पुढच्या भागात परत हजर. त्याला कायमचं संपवलं का जात नाही, म्हणून तू बाबांना विचारलं होतंस, आणि बाबांनी सांगितलं होतं की पाव फुगवतात तेही जंतूच, सगळे संपले तर आनपानमान बनणार कशातून? तू त्यावर बराच वेळ विचार करत बसली होतीस. बालरोगाकडे तुझं मन तिथेच वळलं असेल, असं मला उगीच वाटतं. तेव्हा हेही लक्षात ठेव, तो परत येणारच आहे. एका रात्रीत, एका ड्युटीत तू त्याला संपवणार नाहीस.

2011 च्या मार्चमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली तेव्हा आपण पुण्यात होतो, तू सातवीत. टीव्हीपुढून तू हलत नव्हतीस. त्या दिवसांत जपानमध्ये रेडिओवर लोक या मालिकेच्या गाण्याची फर्माईश करत होते. छावण्यांत ते लागलं की मुलं सुरात सूर मिसळायची, आणि मोठी माणसं रडायची. आपण कशासाठी जगतो, असा सरळ प्रश्न ते गाणं दोन-तीन वर्षांच्या पोरांना विचारतं. शब्द यानासे यांचेच. ते तेव्हा 92 वर्षांचे होते, आजारी होते, काम थांबवायच्या विचारात होते. ते पुन्हा कामाला लागले, तिथल्या मुलांसाठी चित्रं काढून पाठवू लागले. 13 ऑक्टोबर 2013 ला ते गेले, 94 व्या वर्षी. बातमी मी तुला सांगितली तेव्हा तू काही बोलली नाहीस, दप्तर भरत राहिलीस. पण त्या रात्री तुझ्या उशीपाशी हा लाल डबा होता.

तर आता ऐक. मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते आहे. शनिवारी नागपूरला पोचेन. तुझी ड्युटी असेल तर असू दे, मी होस्टेलच्या खाली बसेन, मला पुस्तक आहे. पुरणपोळ्या आणते आहे, वीस. तुझ्या रूममेटला आणि युनिटमधल्या सगळ्यांना पुरतील. गडचिरोलीचे ते गृहस्थ अजून तिथे असतील तर त्यांच्यासाठी वेगळ्या बांधते, त्यांच्या बाळाचं कसं आहे ते कळव. तुझ्या चार पोळ्या मात्र लाल डब्यात असतील आणि त्या मी समोर बसून तुला खायला लावणार आहे. तूप घरचं आहे.

रविवारी सुटी मिळाली तर झोप काढ. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. केसांना तेल लावून देईन.

आणि त्याआधी कधीही, रात्री तीन वाजता, ड्युटीच्या मध्यात, ते जुनं जपानी वाक्य नुसतं मेसेज करून पाठव. खुलासा लिहू नकोस. मी समजेन. फोन उशाशी ठेवूनच झोपते आहे.

डाळ उद्या संध्याकाळी भिजत घालते. बाबा म्हणतायत, जायफळ जास्त घाल, तिला आवडतं.

तुझी,
आई